कडबा भरू की मुरघास?

दादा, दोन्हीत अडकलायस तर आधी किलोचा भाव डोक्यातून काढ. मुरघासात, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात, 65-70 टक्के पाणीच असतं, कडब्यात, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटात, जेमतेम 10, त्यामुळे स्वस्त दिसणारा मुरघास कोरड्या चाऱ्याच्या हिशोबात तेवढा स्वस्त पडत नाही. पण दुधाला मुरघासच, कणसासकट मका असतो ना त्यात. कडब्याचा रेट रब्बी ज्वारी निघाली की पडतो अन् उन्हाळा तापला की चढतो, तेव्हा आधीच भरायचा, फक्त कमी पावसाच्या सिन्नरला उघड्यावर टिकेल ते इगतपुरीच्या पावसात शेडशिवाय कुजणार. मुरघासाची बॅग उंदरानं कुरतडली की बुरशी, आणि उघडली की रोज काढावाच लागतो. दुभत्या गायी असतील तर मुरघास अन् सोबत थोडी कडब्याची कुट्टी (बारीक तुकडे), भाकड जनावरं नि बैलांना कडबा बास.