चिखलपक्ष्यांसाठी २०-६० × ८० स्पॉटिंग स्कोप: शरदातल्या एका दिवसाची परीक्षा

शरद ऋतूत पाणथळीवर उतरणारे चिखलपक्षी ओळखणे हे पक्षिनिरीक्षणातले चिवट काम आहे, कारण विणीच्या हंगामातले रंग तोवर उतरू लागलेले असतात आणि झिजलेल्या पिसांचे प्रौढ पक्षी व फिकट कडांची ताजी पिसे असलेले त्या वर्षीचे तरुण पक्षी एकाच थव्यात चरत असतात. आठ पटींच्या दुर्बिणीतून दूरच्या चिखलावर यांतले फारसे काही उलगडत नाही. म्हणून ८० मिलिमीटर भिंगाचा, २० ते ६० पट मोठे दाखवणारा आणि तिरक्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) स्कोप, म्हणजे तिवईवर ठेवून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, दिवसभर याच कामाला लावून पाहिला.

त्याची खरी किंमत २५ ते ४० पटींच्या टप्प्यात कळते. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या दोन चिमुकल्या चिखलपक्ष्यांतला फरक पायांच्या रंगात असतो, पहिल्याचे काळे आणि दुसऱ्याचे पिवळसर. पण चिखलाने माखलेले पाय हमखास फसवतात, त्यामुळे पाठही पाहावी लागते. तरुण छोट्या टिलव्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या तिरक्या रेघा ३० पटींवर स्वच्छ दिसल्या. हिरव्या तुतारी या चिखलपक्ष्याची भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, डोळ्यापाशीच संपते आणि ठिपकेवाल्या तुतारीची मागेपर्यंत जाते, हेही त्याच टप्प्यात निःशंकपणे सांगता आले.

खोक्यावर ठळकपणे छापलेल्या ६० या आकड्याला मात्र भुलू नये. ८० ला ६० ने भागले की डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १.३ मिलिमीटर रुंद उरतो. प्रतिमा काळवंडते आणि डोळा किंचित हलला तरी निसटते. सकाळच्या गार, स्थिर हवेत अभ्यासकांनी पक्ष्याच्या पायात अडकवलेल्या कड्यावरची अक्षरे वाचण्यासाठी ६० पट उपयोगी पडले, पण ऊन तापल्यावर चिखलावरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरू लागली आणि ४० च्या पुढे सरकण्यात काही अर्थ राहिला नाही. हा दोष स्कोपचा नाही. महागड्या भिंगालाही तापलेली हवा बाजूला सारता येत नाही.

तिरक्या आयपीसमुळे तिवई कमी उंचीवर ठेवता येते, वाऱ्याने होणारी थरथर घटते आणि वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना आळीपाळीने पाहता येते. उलट, उडता थवा नेमका पकडायला सराव लागतो. बाकचोच तुतारीची पांढरी कंबर उडतानाच नीट दिसते, तेव्हा गळ्यातली दुर्बीण घरी ठेवून चालत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी आयपीसपासून डोळ्याचे सोयीचे अंतर किमान १५ मिलिमीटर असल्याची खात्री करावी. २० पटींवर दृश्य अपेक्षेपेक्षा अरुंद वाटले, पण झूम आयपीसमध्ये हे बहुधा असतेच.

तिवईवर काटकसर करणे सर्वांत महागात पडते, कारण हलक्या तिवईवर हा जड स्कोप ३० पटींवरही थरथरतो. एका जागी बसून थवे न्याहाळणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. बांधांवरून दिवसभर पायपीट करणाऱ्यांना मात्र ६५ मिलिमीटरचा स्कोप आणि वाचलेल्या वजनात भक्कम तिवई, ही जोडी अधिक सोयीची ठरेल.