पॉवर बीआयमध्ये तासाचा आणि दिवसाचा डेटा एकत्र: वर्षभराच्या वापरानंतर

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मी एमआयएसचं (व्यवस्थापनासाठीच्या रिपोर्टांचं) काम बघतो. वीज मीटरचं रीडिंग आमच्याकडे तासाला पडतं, तर भट्टीत किती टन धातू वितळला हा आकडा सुपरवायझर दिवसातून एकदाच एक्सेलमध्ये भरतो. मालकांना दोन्ही मिळून एकच गोष्ट हवी असते: टनामागे किती युनिट लागले? वर्षभर हा हिशोब पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालू आहे. काम चोख होतं, पण मांडणी आधी नीट बसवावी लागते.

पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधला डेटा साफ करून आत घ्यायचा भाग) दोन्ही टेबलं मर्ज करायचा, म्हणजे एकात एक जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. करू नका. 14 टनांचा दिवस 24 ओळींना चिकटतो आणि बेरीज 336 टन दाखवते. दोन्ही टेबलं वेगळीच ठेवा, मधे एक कॅलेंडर टेबल घ्या आणि दोघांचं नातं फक्त त्याच्याशी जोडा. युनिटची बेरीज, टनांची बेरीज आणि मग भागाकार, याच क्रमाने. रोजचं गुणोत्तर काढून त्याची सरासरी घेतली, तर 2 टनांच्या मंद दिवसाला 14 टनांच्या दिवसाइतकंच वजन मिळतं.

कॅलेंडरशी नातं जोडतानाही एक खोच आहे. मीटरच्या तारखेला वेळ चिकटलेली असते. फॉरमॅट बदलला की डोळ्यांना नुसती तारीख दिसते, आत मात्र दुपारचे तीन तसेच राहतात. मग जुळते ती फक्त मध्यरात्रीची ओळ, बाकीची सगळी युनिटं ‘ब्लँक’मध्ये जाऊन बसतात, आणि एरर म्हणून काही येत नाही. पॉवर क्वेरीतच तारीख आणि तास असे दोन कॉलम करावेत. त्याने फाइलही बरीच हलकी होते.

आमच्यात अजून एक गुंता शिफ्टचा. आमचा उत्पादनाचा दिवस सकाळी 7 ते दुसऱ्या सकाळी 7. म्हणजे पहाटे 2 चं रीडिंग आदल्या दिवसाच्या टनांशी जुळायला हवं. त्यासाठी वेळेतून 7 तास वजा करून तारीख काढतो. तास मात्र मूळ घड्याळाचाच ठेवतो, कारण टीओडीचा (दिवसातल्या वेळेनुसार बदलणारा) वीजदर घड्याळावर चालतो. 24 ओळींचं छोटं तास टेबल केलं आहे, त्यात प्रत्येक तासाचा दराचा स्लॅब. केव्हीए डिमांडची (एका वेळी विजेची किती मागणी होती त्या आकड्याची) बेरीज करायची नसते, तिथे कमाल घ्यायची.

तासवार चार्ट उघडला की प्रत्येक तासासमोर पूर्ण दिवसाचे टन दिसतात, कारण तास टेबलाचं टनांशी नातंच नाही. मी मेजरमध्ये (रिपोर्टातल्या हिशोबाच्या सूत्रात) ‘इझइनस्कोप’ हे, चार्ट तासवार आहे का ते तपासणारं फंक्शन लावून तिथे रिकामं दाखवतो. टनांना 24 ने भागून द्या, असा आग्रह झाला होता. मला ते पटत नाही. भट्टी काही चोवीस तास सारखी चालत नाही, आणि जो आकडा कुणी नोंदवलाच नाही तो रिपोर्टात का छापायचा?

पॉवर बीआयच्या ऑनलाइन सर्व्हिसवर रिपोर्ट चढवला की घड्याळ यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). ‘टुडे’ फंक्शन पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख देतं. ‘यूटीसीनाऊ’मध्ये साडेपाच तास मिळवले की डेस्कटॉप (पीसीवरचं पॉवर बीआय) आणि सर्व्हिस दोन्हीकडे एकच तारीख येते. आमच्या एका लॉगरचे (मीटरचं रीडिंग नोंदवणारं यंत्र) तासही यूटीसीप्रमाणे बांधलेले होते, म्हणजे आपल्याकडे प्रत्येक तास साडेच्या ठोक्याला तुटणार, आणि स्लॅबची हद्द मधेच कापली जाणार. त्यावर डीएएक्समध्ये (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) कितीही डोकं लावलं तरी उत्तर नाही. शेवटी लॉगरवाल्याकडून 15 मिनिटांचा डेटा मागून घेतला.

डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. रिपोर्ट सर्व्हिसवर इतरांना द्यायचा तर प्रो लायसन्स लागतं. त्याचा दर एप्रिल 2025 पासून माणशी महिना 10 डॉलरवरून 14 डॉलर झाला. प्रोवर शेड्यूल्ड रिफ्रेश दिवसाला 8 वेळाच मिळतो, त्यामुळे डेटा तासाचा असला तरी रिपोर्ट तासातासाला ताजा होत नाही. आम्ही शिफ्ट बदलाच्या वेळा धरून ते आठ वाटले आहेत. फाइल ऑफिसच्या पीसीवर असेल तर गेटवेसाठी (सर्व्हिसला त्या फाइलपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) तो पीसी चालू ठेवावा लागतो. घरी जाताना कुणी सवयीने बंद करू नये, म्हणून त्याच्या बटणावर आम्ही चिकटपट्टी लावली आहे.