मूरचा माथा की समुद्राकडची रेल्वेवाट? नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये ग्रॅव्हल बाइकसाठी एकच दिवस असेल तर

इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये, म्हणजे तिथल्या उंच, ओसाड माळांवर (मूर म्हणजे असा माळ), ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या खडीच्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल, घेऊन जायचं आणि हाताशी एकच दिवस, अशी वेळ आली की निवड बहुतेकदा दोन वाटांमध्ये होते. एक व्हिटबी ते स्कारबरो हा समुद्राच्या कडेनं जाणारा सिंडर ट्रॅक. दुसरी ब्लोवर्थ क्रॉसिंगपासून ब्लेकी रिज या डोंगरधारेपर्यंत, हेदरच्या (जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांच्या) माळावरून जाणारी वाट. पहिली सोपी, दुसरी दमवणारी, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कारण या दोन्ही मुळात जुन्या रेल्वेच्याच वाटा आहेत. रूळ उचलले गेले, चढ मात्र इंजिनाला झेपेल इतकाच राहिला. त्यामुळे चढाचे आकडे बघून निवड करू नका. वारा कुठून येतो, मध्येच सोडून द्यावंसं वाटलं तर उतरायला वाट कुठे आहे आणि घरी परत कसं यायचं, या तीन गोष्टी बघा.

आधी सिंडर ट्रॅक. ही लाइन १८८५ साली सुरू झाली आणि १९६५ च्या मार्चमध्ये बंद पडली. रुळांखाली खडीऐवजी कोळशाची जळकी राख, म्हणजे सिंडर, घातली होती, म्हणून हे नाव. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. व्हिटबीहून निघालात तर सुरुवातीलाच एस्क नदीवरचा लारपूल व्हायाडक्ट लागतो. विटांचा, तेरा कमानींचा. पुलावर जरा थांबा. खाली नदी आणि पलीकडे गाव असं दोन्ही एका नजरेत येतं.

मग रॉबिन हूड्स बे, आणि तिथून रेव्हन्सकारचा चढ. रेव्हन्सकार हा या वाटेचा सगळ्यात उंच भाग, समुद्रसपाटीपासून १९० मीटरच्या थोडा वर. चढ ३९ ला १, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. कागदावर हसू येतं. पण वाफेच्या इंजिनांची चाकं ओल्या रुळांवर इथेच घसरायची आणि कधीकधी गाडी मागे नेऊन पुन्हा जोर लावावा लागायचा. सायकलवरही या चढाचा त्रास तीव्रतेचा नाही, चिकटपणाचा आहे. सात-आठ किलोमीटर एकाच गिअरमध्ये, एकाच बैठकीत, न थांबता पेडल मारायचं. रस्त्यावरच्या चढ-उतारात पायांना मधूनमधून सुट्टी मिळते, उभं राहून पाठ मोकळी करता येते. रेल्वेवाटेवर ती सोय नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मांड्या ठीक होत्या. बैठक मात्र रेव्हन्सकारला पोचेपर्यंत पार कामातून गेली होती. सपाट वाट म्हणजे आरामाची वाट, हा गैरसमज तिथे फिटला.

बाकी सोयी मात्र इथे भरपूर. गावं जवळजवळ आहेत, झाडी आणि जुनी कटिंग्ज (रेल्वेसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडी) वारा अडवतात, चुकायला जागाच नाही. समुद्राकडून धुकं आलं तरी वाट सापडते. पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी ठरलेली. मुलं, कुत्री, चालणारी मंडळी, मध्येच घोडेस्वार. इथे वेग काढायचा विचार असेल तर तो घरीच ठेवून या, आणि घंटी नसेल तर लावून घ्या. पृष्ठभाग एकसारखा नाही. काही टप्पे सुधारलेले आहेत, काही ठिकाणी दगड आणि मुळं वर आलेली. पावसानंतर राखेचा काळा चिखल ब्रेकपर्यंत जातो. ४० मिलिमीटरचे टायर पुरतात.

एक अडचण मात्र लोक निघाल्यावरच लक्षात घेतात. व्हिटबी आणि स्कारबरोमध्ये थेट गाडी नाही. असणार कशी, ती लाइन तर तुमच्या चाकांखाली आहे! व्हिटबीची गाडी मिडल्सब्रोकडे जाते, स्कारबरोची यॉर्ककडे. म्हणजे एका टोकाला मोटार लावली असेल तर त्याच वाटेनं मागे या, नाहीतर अर्ध्यातून फिरा. ३५ चे ७० किलोमीटर झाले की 'सोपी वाट' हा शब्द तोंडातून निघत नाही.

आता मूर. इथली रेल्वे माणसांसाठी नव्हती, लोखंडासाठी होती. रोझडेलच्या खाणीतलं लोहखनिज बाहेर काढायला १८६१ मध्ये ही लाइन घातली आणि १९२९ मध्ये ती बंद झाली. खनिज भट्ट्यांत भाजून हलकं करायचे आणि मग गाडीत भरायचे. त्या भट्ट्यांच्या दगडी कमानी रोझडेलच्या उतारावर अजून उभ्या आहेत. पण खरी करामत इंगलबी इन्क्लाइनची. माळाच्या कडेवरून खाली दरीत उतरणारा सरळसोट उतार, सव्वा किलोमीटरहून जरा लांब, सगळ्यात तीव्र जागी ५ ला १. इंजिन तिथे चालणं शक्यच नव्हतं. भरलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, खाली जाताना दोरानं रिकामी वाघीण वर ओढायची. वर चढवलेली इंजिनं मग वर्षानुवर्षं वरच राहायची.

आपल्याला चढायचं आहे ते इथूनच, आणि मी तरी सायकल ढकलतच चढतो. बॅटर्सबी स्टेशनवरून निघून जंगलाच्या कडेनं इन्क्लाइनच्या पायथ्याशी यायचं आणि मग डोकं खाली घालून वीस-पंचवीस मिनिटं ढकलायचं. बुटांचे तळवे गुळगुळीत असतील तर ओल्या दगडांवर पाय सरकतो. वर पोचलं की मात्र एकदम चित्र बदलतं. जवळपास ४०० मीटर उंचीवर, वळणं घेत जाणारी सपाट वाट. खडीचा बारीक कुरकुर आवाज, दोन्ही बाजूंना हेदर. एखादा ग्राउस पक्षी अगदी चाकाजवळून फडफडत, कर्कश ओरडत उठतो आणि हँडल हलतं.

ब्लोवर्थ क्रॉसिंगपासून ब्लेकीपर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर ही या वाटेची खरी मजा. रेल्वेनं दरी ओलांडली नाही, फार्नडेलच्या माथ्याला वळसा घातला. त्यामुळे अर्ध्या तासानं तुम्ही जिथे असणार ती वाट आत्ताच समोर, पलीकडच्या अंगाला रेघ मारल्यासारखी दिसते. ओढ्यांवर उंच भराव आहेत आणि भरावावर आलं की आडोसा संपतो. वारा तिथेच गाठतो. इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणूनच बॅटर्सबीकडून ब्लेकीकडे जा. उलट दिशेनं मी एकदा ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. सपाट वाटेवर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. ब्लेकीच्या खानावळीतली माणसं निघतानाच आभाळाकडे बघून हसली होती, त्याचा अर्थ नंतर कळला.

दुसरा धोका म्हणजे मध्ये उतरायला जागा नाही. खाली फार्नडेलची शेतं दिसत राहतात, पण तिकडे जाणाऱ्या बऱ्याच पायवाटा फक्त चालणाऱ्यांसाठी आहेत. इंग्लंडमध्ये सायकलला ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या वाटेवर, जायची मुभा १९६८ च्या कायद्यानं मिळाली, तीही चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. फुटपाथ, म्हणजे फक्त पायी जाण्याची वाट, म्हणून नोंदलेल्या वाटेवर हा हक्क नाही. २००० च्या कायद्यानं मोकळ्या माळावर कुठेही फिरायला मिळतं ते पायी, सायकलवर नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २६ नकाशा घ्या. त्यावर लांब हिरव्या तुटक रेघा ब्रायडलवेच्या, आखूड रेघा फुटपाथच्या. शॉर्टकट दिसला तरी वाट सोडू नका. रेल्वेचा पाया पाणी झिरपू देतो, बाजूचं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची माती, देत नाही. चाक मुठीएवढं खाली जातं आणि पडलेली चाकोरी वर्षानुवर्षं तशीच राहते.

टायर इथे ४५ मिलिमीटर किंवा जास्त, ट्यूबलेस असतील तर उत्तम. दगड धारदार आहेत आणि रेंज मिळेलच असं नाही. दोन ट्यूब, पंप, वारा अडवणारं जाकीट. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं तेव्हा सगळा माळ जांभळा होतो. पण १२ ऑगस्टपासून ग्राउसच्या शिकारीचा मोसमही सुरू होतो. बंदुका घेतलेली माणसं दिसली तर उतरून चौकशी करायची, मध्येच घुसायचं नाही.

आणि ज्या बाबतीत मूर हरेल असं वाटतं, त्याच बाबतीत ती जिंकते. ब्लेकीहून रस्त्यानं राल्फ क्रॉस या जुन्या दगडी क्रुसावरून पुढे, मग बहुतेक उतारच उतार कॅसलटनपर्यंत. तिथलं कॅसलटन मूर स्टेशन बॅटर्सबीच्याच एस्क व्हॅली लाइनवर आहे. म्हणजे एका स्टेशनवर उतरायचं, दुसऱ्यावर चढायचं, तीच वाट परत तुडवायची नाही.

मुलं बरोबर असतील, ग्रॅव्हल बाइक नवी असेल किंवा हवामानखात्यानं जोराचा वारा सांगितला असेल, तर सिंडर ट्रॅक, आणि तोही अख्खा नाही. व्हिटबी ते रेव्हन्सकार आणि परत, एवढा पुरे. परतीला बराचसा उतार मिळतो. यातलं काहीच नसेल तर मी मूरच निवडेन, इन्क्लाइनच्या ढकलाढकलीसकट. फक्त या लाइनवर दिवसात मोजक्याच गाड्या असतात आणि त्यांत सायकलींना जागा थोडी. कॅसलटनहून सुटणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि ब्लेकीला चहा घेताना तो कागद एकदा बाहेर काढा.