जिप्सी, जुनी महिंद्रा जीप का जुनी थार: आपल्या काळ्या रानासाठी कोणती घेऊन मॉडिफाय करावी?

मावसभाऊ महिनाभर डोकं खायलाय. त्याचं रान गेवराईकडं गोदाकाठाला, आणि त्याला एक जुनी फोर बाय फोर घेऊन तिच्यावर काम करून घ्यायचंय, म्हणजे पावसाळ्यात रानात जाता यावं आणि रविवारी दोस्तांसोबत पाटोद्याकडं बालाघाटात चढता यावं. समोर तीन गाड्या आहेत, एक मारुतीची जिप्सी किंग, एक महिंद्राची जुनी जीप एमएम ५४० आणि एक २०१५ नंतरची जुन्या बॉडीची थार. रोज एक व्हिडिओ बघतो आणि रोज मत बदलतो. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं तेच इथं एकत्र लिहायलोय, कारण हेच बाकीचेही विचारायलेत.

आपल्याकडं गाडी दगडावर कमी हरती आणि मातीत जास्त. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळती, पावसात तीच फुगून टायरला अशी चिकटती की वीस-पंचवीस फुटांत मड टायरची नक्षी पूर्ण भरून टायर गोटा होतो, मग तुमचं महागाचं टायर आणि गुळगुळीत टायर यात काही फरक राहत नाही. वाफसा, म्हणजे माती ना ओली ना कोरडी, असला तर साधी बोलेरोसुद्धा पाणंदीनं जाती आणि वाफसा नसला तर ट्रॅक्टरसुद्धा विचार करतो. त्यामुळं इथं पहिला प्रश्न घोडे किती हा नाही, वजन किती हा आहे.

वजनात जिप्सीला तोड नाही. साधारण एक टन. थार पावणेदोन टनाच्या आसपास, आणि जीप दोघींच्या मधी. जिप्सी रुतली तर चार माणसं आणि एक बाभळीचा ओंडका पुरतो, थार रुतली की शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन. पण याची दुसरी बाजू पण ऐका. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजेक्शन आल्यावर ८० घोड्यांचं, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १०३ न्यूटन मीटर आणि तोही ४५०० आरपीएमला. थारचं २.५ लिटरचं सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं) डिझेल २४७ न्यूटन मीटर देतं आणि ते दोन हजाराच्या आतच मिळतं. म्हणजे बालाघाटातल्या दगडाच्या पायऱ्या-पायऱ्याच्या चढावर थार क्लचवरचा पाय काढून आरामात चढती, तिथं जिप्सीला रेस देऊन, क्लच जाळून, उड्या मारत न्यावं लागतं. जिप्सीचा लो गेअरही (फोर बाय फोरमधला जादा हळू, जादा ओढीचा गेअर) थारएवढा खाली जात नाही. मोठं टायर टाकलं की तो आणखी कमजोर पडतो, हे कोणी सांगत नाही.

जीपचं काय? जुनी महिंद्रा म्हणजे प्यूजोचं डिझेल किंवा पुढं आलेलं २५२३ सीसीचं डीआय. पळायचं नाव नाही, आवाज एवढा की शेजारच्याशी खाणाखुणांनी बोलावं लागतं, पण गेअरमधी टाकून सोडून दिली तर बैलासारखी आपल्या चालीनं ओढत राहती आणि बंद पडली तर तालुक्याच्या कोणत्याही फिटरला कळती. थारच्या सीआरडीईला तसं नाही, इंजेक्टर किंवा सेन्सर रुसला की स्कॅनर लावणारा माणूस शोधा, आणि तो माणूस सोनपेठच्या पुढं रानात येणार नाही.

आता मॉडिफिकेशनचं. सगळ्यांना आधी गाडी उंच करायचीये. मीही तेच केलं होतं, म्हणून हक्कानं सांगतो. माझ्या आधीच्या जीपला एका गॅरेजवाल्यानं लांब शॅकल (पाट्याला चेसिसशी जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून दिले, दिसायला काय दिसायची, गावात वट. पण शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी एकच इंच उचलती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि पुढच्या एक्सलचा कोन बदलतो म्हणून साठच्या वर स्टेअरिंग हातात राहिना, रस्ता सोडून बांधाकडं ओढायची. वर्षाच्या आत पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. उगं फोटोसाठी एवढा खर्च.

आणि खरा मुद्दा पुढंच आहे. जिप्सी असो का जीप, दोन्हीला पुढं-मागं अखंड एक्सल आहे. तुम्ही पाटे जाड करा, शॅकल लांब करा, नाहीतर पाटे एक्सलच्या हाऊसिंगच्या वर घ्या, बॉडी वर जाईल पण डिफ्रन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गेअरचा) गोळा जिथं होता तिथंच राहतो, आणि बैलगाडीच्या चाकोरीच्या मधल्या वरंब्याला तोच गोळा घासतो. तो वर उचलायचा एकच रस्ता, टायर मोठं. जिप्सीच्या कंपनीच्या २०५/७० आर १५ चा हिशोब केला तर व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ टाकलं की ७०३ च्या आसपास, म्हणजे गोळा १७-१८ मिलिमीटर वर. २३५/७५ टाकलं तर ३३ मिलिमीटर वर, पण मग चाक वळवताना पत्र्याला घासतं, थोडी लिफ्ट करावी लागती, आणि स्पीडोमीटर साठ दाखवायलं की खरं पासष्ट-सहासष्ट असतं. माझं मत, जिप्सीला २१५/७५ वर थांबा. त्या इंजिनाला त्याच्या पुढचं ओझं झेपत नाही.

थारची गोष्ट वेगळी. पुढं अखंड एक्सल नाही, टॉर्शन बारवर (पीळ घेणाऱ्या सळईवर) सुटं सस्पेन्शन आहे, मागं पाटे. बरेच जण टॉर्शन बार आवळून पुढून उंच करतात, फुकटात होतं म्हणून. पण तसं केलं की चाक खाली लोंबायची जागा संपती, खड्ड्यात चाक हवेत राहतं आणि शाफ्टचा कोन वाढून रबरी बूट फाटतात, त्यात आपली काळी माती शिरली की जॉइंट गेलाच समजा. थारला कंपनीचं २३५/७० आर १६ आधीच ठीकठाक आहे, त्याच मापात चांगलं ऑल टेरेन किंवा मड टायर टाका आणि हात आखडा. २०१५ च्या फेसलिफ्टपासून मागच्या डिफ्रन्शियलला आपोआप लॉक होणारा लॉकर पण येतो, एक चाक नुस्तं फिरायला लागलं की दुसऱ्याला ताकद मिळती. जिप्सीला आणि जीपला हे बाहेरून बसवावं लागतं आणि त्याचा खर्च जोरात आहे. काही ठिकाणी डिफ्रन्शियलच्या आतले स्पायडर गेअर वेल्डिंग करून देतात, ते करू नका, डांबरीवर वळताना टायर फरफटतं आणि एक दिवस शाफ्ट तुटतो.

टायर रुंद का अरुंद यावर तर लोक भांडायलेत. उत्तर जमिनीत आहे. पाटोदा, केज, भूम, वाशीकडं काळ्या मातीचा थर पातळ, खाली मुरूम नाहीतर खडक, तिथं अरुंद टायर चिखल कापून खाली कडक लागेपर्यंत जातं आणि पकड घेतं, जुन्या जीपची ती ६.००-१६ ची बारीक चाकं म्हणूनच एवढी वर्षं चालली. पण गेवराई, माजलगाव, गंगाखेड, गोदाकाठ, तिथं मातीला बूडच नाही, अरुंद टायर नांगरासारखं आत जातं. तिथं थोडं रुंद, आणि हवा कमी करून पंधरा-अठरा पीएसआयवर आणायची, टायर पसरतं आणि गाडी मातीवर तरंगल्यागत जाती. हवा कमी करायला दोन मिनिटं आणि शून्य रुपये लागतात. परत भरायला मात्र बॅटरीवरचा पंप सोबत पाहिजे, नाहीतर तसंच चाळीस किलोमीटर डांबरीनं आलात तर टायरची वाट. माझ्या अनुभवात लिफ्ट, विंच (रुतलेली गाडी ओढून काढायची दोराची मोटर), लाईटबार या सगळ्यांपेक्षा हा पंप जास्त कामाला आला.

विंचवर पण थोडं बोलतो. व्हिडिओत सह्याद्रीतले लोक झाडाला पट्टा बांधून गाडी ओढतात, आपल्याकडं कापसाच्या रानात झाड शोधा बरं. बांधावर एखादी बाभळ, ती पण तीनशे फुटांवर. आपल्याकडं विंच म्हणजे ट्रॅक्टर. त्यापेक्षा पुढं-मागं चेसिसला पक्के हुक बसवून घ्या, बंपरला नाही, आणि एक चांगला पट्टा ठेवा. चाकाखाली टाकायला पऱ्हाट्या, तुराट्या, गोणपाट, हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि आजही चालतं.

स्नॉर्केलचा (इंजिनासाठी वरून हवा घेणाऱ्या नळीचा) शौक असेल तर करा, पण वर्षातले नऊ-दहा महिने त्याला धूळ खायचीये. त्याऐवजी एक्सलच्या ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) नळ्या लावून वर इंजिनजवळ घ्या, किरकोळ पैशात होतं. गरम झालेलं हाऊसिंग ओढ्याच्या पाण्यात थंड झालं की पाणी आत ओढून घेतं आणि ऑईल दुधासारखं पांढरं होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जीप असेल तर ओढ्यातून निघाल्यावर थोडा वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवून पाणी वाळवा, नाहीतर पुढच्या उताराला घाम फुटतो. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत लो गेअरनं चढायचं तर रेडिएटर साफ, फॅनचं कव्हर जागेवर, एअर फिल्टर झटकलेला, एवढं पुरे.

कागदाचं तोंड कडू आहे पण सांगावं लागतंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे लिहिलंय ते बदलता येत नाही, जानेवारी २०१९ मधी सुप्रीम कोर्टानं पण कंपनीच्या मूळ मापाच्या बाहेरचा बदल चालणार नाही असंच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पुढचे लोखंडी बुल बार तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच बंद. त्यात या जुन्या गाड्या, पंधरा वर्षं झाली की परत पासिंग आणि पर्यावरण कर, आणि तिथं उंच केलेली गाडी घेऊन गेलात तर सगळं परत उतरवून या म्हणतात. जिप्सी लष्कराच्या लिलावातली असेल तर आधी आरसी हातात बघा, मग हँडशेक. इंजिन बदललेलं आणि आरसीवर जुनाच नंबर, असल्या जीपकडं तर बघूच नका. टू व्हीलच्या जीपला पुढचं हाऊसिंग बसवून फोर बाय फोर म्हणून खपवणारेही आहेत.

तर मावसभावाला मी काय म्हणलं. रान गोदाकाठाला, रोजचं जाणं पाच-सात किलोमीटर, बसणारे दोन, मग जिप्सी. पेट्रोल पिती, माझी रोडवर दहाच्या आसपास देती आणि चिखलात निम्म्यावर येती, एसी नाही, उन्हाळ्यात कापडी छताखाली भाजून निघशील, हे सगळं कबूल, पण जुलैत रानातून स्वतःच्या पायावर परत येणारी तीच. फक्त पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारे) हातानं लॉक करायचे असतात, ते डांबरी सोडायच्या आधी करायचे, गुडघाभर चिखलात उतरून नाही. घरचे पाच जण बसवून महिन्यातून एकदा संभाजीनगर करायचं असेल, बियाण्याच्या गोण्या टाकायच्या असतील तर २०१५ नंतरची थार, टायर आणि पंप सोडून काही न करता. व्हॅक्यूमवर चालणारे हब असलेली आली तर नळ्या तपासून घे. आणि पैसे कमी, हाताला ग्रीस लागल्याशिवाय झोप येत नाही, तर जीप. पण जीपचे पैसे दिसण्यावर घालू नको, बुश, क्रॉस, किंगपिन, ब्रेक यावर घाल, तेवढ्यातच बजेट संपतं.

बघायला जाताना चिखलाचे बूट घालून जा असं सांगितलंय. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चेसिसला स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून बघायचं, गंज असला की आवाज बद्द येतो. मग मऊ मातीत नेऊन फोर लो टाकायचा, पुढचं चाक फिरतंय का ते खाली उतरून बघायचं, नुस्ता दिवा लागला म्हणून विश्वास नाही. कालच तो एका एमएम ५४० ला बघून आला, फोर लो पडला, परत निघालाच नाही, मालक म्हणे पावसामुळं असं होतंय. पाऊस पडून तीन आठवडे झालेत.