गृहपाठ: शेजारी बसावे की वही नंतर पाहावी?

अक्षरे गिरवण्याच्या वयात पेन्सिलीची पकड आणि अक्षराचे वळण पाहण्यासाठी पालकांनी शेजारी बसणेच योग्य. मात्र दुसरी-तिसरीपासून, मुलाने एकट्याने लिहिलेली वही नंतर पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते. कारण शेजारी बसलेले पालक चूक होण्याआधीच बोट ठेवतात (आणि पुष्कळदा उत्तरही सांगून मोकळे होतात), त्यामुळे मूल नेमके कोठे अडते ते कळतच नाही. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ आले असेल, तर मुलाने एककस्थानी ७ मधून २ वजा केले, म्हणजेच दशक सुटा करण्याची पायरी त्याला उमगलेली नाही, हे वहीच सांगते. अशा वेळी खोडरबर हाती न घेता "हे कसे केलेस?" असे विचारावे आणि गरज भासल्यास दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा.