ऑर्लिस्टॅट १२० कॅप्सूल : ताटातलं तेल मोजणार असाल तरच घ्या

वजनासाठी ऑर्लिस्टॅट १२० एमजीची कॅप्सूल गेले काही महिने घेतेय, डॉक्टर मॅडमनी लिहून दिली म्हणून. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की खरंच चालते का, कपडे खराब होतात म्हणे ते खरं का, म्हणून सविस्तर लिहिते. ५ पैकी ४ स्टार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, बऱ्याच कंपन्या हेच औषध बनवतात आणि मी जे लिहितेय ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

आधी ही करते काय ते समजून घ्या, कारण निम्मे लोक भूक कमी करायची गोळी समजून घेतात. भुकेशी हिचा काही संबंध नाही, रक्तात तर जवळपास जातच नाही, सगळं काम पोटात आणि आतड्यात. आपण खाल्लेलं तेल-तूप पचवायला लायपेज नावाचं एन्झाईम लागतं, ही त्यालाच अडवते, मग चरबीचे बारीक तुकडे होत नाहीत, तुकडे झाले नाहीत की आतडं ती शोषून घेऊ शकत नाही आणि ती तशीच संडासवाटे बाहेर पडते. पण सगळी नाही, साधारण ३० टक्केच. म्हणजे दिवसात ६० ग्रॅम फॅट पोटात गेलं तर १८ ग्रॅमच्या आसपास बाहेर, हिशोबाने १६० कॅलरी. एका वडापावच्या कॅलरीसुद्धा त्यात भरून निघत नाहीत. त्यामुळे गोळी आहे म्हणून भजी खाल्ली तरी चालतील हा विचार असेल तर पैसे घालवू नका. भात, साखर, मैदा यांच्यावर तर हिचा काहीच परिणाम नाही.

आता मुख्य मुद्दा. सोबतच्या कागदात लिहिलेलं असतं की दिवसाच्या एकूण कॅलरीपैकी ३० टक्क्यांपर्यंतच फॅटमधून याव्यात आणि ते फॅट तीन जेवणांत वाटून घ्यावं. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते ६७ ग्रॅम होतं, माझा आहार १५०० चा आहे म्हणजे ५० ग्रॅम, एका वेळेला १६-१७. हे वाचायला सोपं वाटतं पण आमच्या सोलापुरी ताटात ते बसवणं सोपं नाही बरं का. आम्ही तळलेलं कुठं खातो असं सगळेच म्हणतात, पण शेंगा चटणीशिवाय आमचं पान हलत नाही आणि शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. भाकरीसोबत दोन मोठे चमचे चटणी घेतली की तिथंच १४-१५ ग्रॅम संपले, वर भरल्या वांग्यात कूट, आमटीला कूट, सुकं खोबरं तर शेंगदाण्याच्याही वर, साठ टक्क्यांपुढे. आणि फोडणी वेगळीच. घरातल्या तेलाच्या पळीत किती मावतं ते एकदा खोकल्याच्या बाटलीवरच्या मापाने मोजून बघा, आमच्या पळीत ३० मिली बसतं, म्हणजे २७ ग्रॅमच्या वर तेल, आणि चौघांच्या भाजीला अशा दोन पळ्या जायच्या, म्हणजे नुसत्या भाजीतूनच प्रत्येकी १४ ग्रॅम. आता फोडणीला पोह्याचा चमचा वापरते, शेंगा चटणी सोडली नाही पण एक चमचा आणि तीही दुपारीच, त्या दिवशी भाजीत कूट नाही. दूध फुल क्रीमचं टोन्ड केलं, फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं आणि टोन्डमध्ये ३.

फॅट जास्त झालं तर काय होतं ते स्पष्टच लिहिते कारण यावर कुणी बोलत नाही आणि मग बायका घाबरून जातात. न पचलेलं तेल बाहेर येतं, केशरी-पिवळट, पाण्यावर तवंग दिसतो, गॅस सरताना कपड्याला डाग पडतो, संडासची घाई इतकी लागते की थांबवत नाही. हे आजारपण नाही, औषध काम करतंय आणि खाणं जास्त झालंय एवढाच त्याचा अर्थ. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, हे लगेच होत नाही, २४ ते ४८ तासांत दिसतं. लग्नातलं जेवण शनिवारी आणि त्रास रविवारी किंवा सोमवारी, मग लोकं सोमवारच्या मुगाच्या खिचडीला दोष देतात. म्हणून सुरुवातीला काय खाल्लं ते वहीत लिहून ठेवलं तर कुठल्या जेवणाने झालं ते कळतं. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत सगळं पूर्ववत होतं.

घ्यायची कधी, तर जेवताना किंवा जेवणानंतर तासाभराच्या आत. जेवलाच नाहीत किंवा जेवणात फॅटच नाही तर त्या वेळची गोळी घ्यायचीच नाही, आणि राहिलेली म्हणून पुढच्या वेळी दोन तर अजिबात नको, १२० च्या वर घेऊन फायदा वाढत नाही. उपवासाला नुसती फळं आणि पातळ ताक घेतलं तर गोळीला सुट्टी. पण साबुदाण्याची खिचडी असेल तर ती हलकी समजू नका, कूट आणि तूप मिळून ते चांगलंच फॅटवालं जेवण आहे.

बाकीच्या गोळ्यांचं मला जास्त कळकळीने सांगायचंय. मला थायरॉईड आहे, सकाळी सहाला उपाशीपोटी गोळी असते. थायरॉईडची गोळी आणि ही यांच्यात किमान ४ तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉईडची नीट शोषली जात नाही. नाश्ता साडेआठचा, म्हणून मॅडमनी नाश्त्याची कॅप्सूल काढूनच टाकली, फक्त दुपारी आणि रात्री ठेवली, आणि टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी परत करायला लावली. दुसरं म्हणजे ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिन्स चरबीत विरघळणारी, चरबी बाहेर गेली की तीही थोडी सोबत जातात. म्हणून मल्टिव्हिटॅमिन घ्यायला सांगतात पण कॅप्सूलपासून २ तास लांब, मी रात्री झोपताना घेते. आणि ती ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी आठवड्यातून एकदा असते ना बऱ्याच जणांना, तिला उलट फॅट लागतं, फॅटसोबत ती जास्त चांगली शोषली जाते. ती मी रविवारी नाश्त्याला दुधातून घेते, त्या वेळेला कॅप्सूल नसतेच. एका औषधाला फॅट अंगी लागायला हवं आणि दुसरं तेच बाहेर काढतं, तर दोन्ही एकाच ताटावर घेऊन कसं जमेल.

माझ्या नणंदेने माझं बघून एका मेडिकलमधून हीच कॅप्सूल आणली. चिठ्ठी मागितली नाही, दुसरं काय औषध चालू आहे ते विचारलं नाही, बिल केलं आणि दिली. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय आणि ती रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेते. व्हिटॅमिन के कमी झालं की वॉरफेरिनचा जोर वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. तिच्या डॉक्टरांना वेळेत कळलं, त्यांनी ही कॅप्सूल थांबवून लगेच आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, करायला लावली. मला अजून राग येतो त्या गोष्टीचा, दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो हो. फिट्सच्या गोळ्या, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची औषधं, यातलं काहीही चालू असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा मगच घ्या. शुगरवाल्यांनी पण, वजन उतरलं की शुगरचा डोस कमी करावा लागू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल आणि जोराचे जुलाब झाले तर गर्भ राहू नये म्हणून दुसरी काळजीही घ्या.

गरोदर असाल तर नाहीच घ्यायची. लिव्हरमधून पित्त बाहेर पडायला अडथळा असेल (नेहमीची ॲसिडिटी नव्हे) किंवा अन्न अंगी न लागण्याचा जुना आजार असेल तरी नाही. मुतखडा झालेल्यांनीही विचारून घ्या, कारण न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम पकडून ठेवते, मग ऑक्सलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि किडनीत खडे होतात. लिव्हरचा त्रास फार क्वचित, पण अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये तशी सूचना दिलेली आहे, डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही दिसलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

फरक किती पडतो? स्वीडनमध्ये ३,३०५ लोकांवर चार वर्षांचा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला. आहार आणि चालणं दोन्ही गटांना होतं, गोळीवाल्यांचं सरासरी ५.८ किलो कमी झालं आणि बिनगोळीवाल्यांचं ३ किलो. म्हणजे निम्मं काम तसंही जेवणाने आणि चालण्याने होतं. माझंही हळूहळूच उतरतंय आणि मला ते मान्य आहे, मला वाटतं ताटातलं तेल कळलं हाच त्यातला मोठा भाग.

उन्हाळ्यात कॅप्सूल खिडकीजवळ किंवा गाडीत ठेवू नका, आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि हे औषध उष्णतेला नाजूक आहे. मी आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवते.

एक स्टार कापला तो आतल्या कागदासाठी. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि उदाहरणं कुठल्या भलत्याच जेवणाची. भाकरी, कूट, खोबरं, फोडणी यांचे ग्रॅम मराठीत छापून दिले तर आमच्या आईसारख्या बायकांनाही ही गोळी नीट घेता येईल.