चिनी इनपुट मेथड सोर्सवरून बिल्ड करायची तर: लिबपिनयिन, फायटिक्स की राइम?

लिनक्सवर पिनयिनने (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहून) चिनी टाइप करायचंय आणि तेही सोर्स कोडवरून स्वतः बिल्ड करून, तर समोर तीन नावं येतात. पण तिन्ही एका जातीची नाहीत. आयबस आणि फायटिक्स ५ या चौकटी; कळ दाबली की ती इंजिनपर्यंत नेणं आणि निवडलेला शब्द ॲपमध्ये उतरवणं हे त्यांचं काम. रोमन अक्षरांवरून चिनी शब्द सुचवतात ती इंजिनं: आयबसच्या जोडीला लिबपिनयिन, फायटिक्सचं स्वतःचं लिबाइम, आणि दोन्हीकडे चालणारं लिबराइम, म्हणजे राइमचं इंजिन.

माझं मत आधीच सांगतो: इंजिन खुशाल बिल्ड करा, चौकट मात्र डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्स वितरणाच्या) पॅकेजमधूनच घ्या.

कारण चौकटीला जीटीके आणि क्यूटी (ॲपच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या लायब्ररी) यांच्या प्लगइन फोल्डरांत आपापली मॉड्यूलं ठेवावी लागतात. सीमेक या बिल्डच्या साधनाला काही सांगितलं नाही तर तो सगळं /यूएसआर/लोकलखाली टाकतो, आणि क्यूटी तिथे बघतच नाही. मी एकदा फायटिक्स अख्खा बिल्ड केला. एकही एरर नाही, सेटिंगमध्ये पिनयिन दिसतंय, आणि एडिटरमध्ये शब्दांची यादी काही उघडेना! चूक माझीच होती, प्रिफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं तो मार्ग) /यूएसआर द्यायला हवा होता. आयबस-लिबपिनयिनलाही हाच नियम, नाहीतर आयबसला इंजिन सापडत नाही.

ग्नोम डेस्कटॉप वापरत असाल आणि साधं पिनयिन पुरत असेल तर लिबपिनयिन सगळ्यात कमी कटकटीचं. आयबस तिथे आधीच जोडलेला असतो. लिबाइमचं भाषा-मॉडेल (कोणता शब्द कशापुढे येण्याची शक्यता किती, याचा हिशेब) केनएलएम या लायब्ररीवर चालतं. लिबपिनयिन आणि लिबाइम, दोन्हींचा गिटमधला सोर्स बिल्ड होताना मॉडेलचा डेटा नेटवरून ओढतो, त्यामुळे नेट नसलेल्या मशीनवर बिल्ड मध्येच अडकतं.

राइमची गोष्ट निराळी. बूस्ट, लेव्हलडीबी, मारिसा, ओपनसीसी, यामल-सीपीपी अशी डिपेंडन्सींची यादी बघून धडकी भरते, पण ही सगळी पॅकेजं बहुतेक डिस्ट्रोंत तयार मिळतात. पिनयिन, बोपोमोफो, त्सांगजिए, वूबी या चिनी टाइप करण्याच्या सगळ्या पद्धती यामल फाइलींत (साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलींत) लिहिलेल्या असतात. कळा बदलायच्या किंवा शब्दकोश वाढवायचा तर फाइल बदलून 'डिप्लॉय' (नवी सेटिंग लागू) करायचं, कंपाइलरला हात लावायचा नाही. एवढ्याचसाठी बिल्ड करायला निघाला असाल तर थांबा, पॅकेजवरच काम भागेल. ल्यूआ किंवा ऑक्टाग्रामसारखं प्लगइन हवंय आणि डिस्ट्रो ते देत नाही, तेव्हा लिबराइम स्वतः बिल्ड करण्यात अर्थ आहे. मग एलडीकॉन्फिग (सिस्टिमला नव्या लायब्ररींची नोंद घ्यायला लावणारी कमांड) चालवायला विसरू नका, नाहीतर जुनंच लिबराइम लोड होत राहील.

आणि राइमचं मूळचं लूना पिनयिन पारंपरिक अक्षरं देतं. बिल्ड बिघडलं असं समजू नका. एफ४ दाबून सरलीकृत निवडा.